धूर पकडण्याची नोकरी आणि सोपानचा नारळ

सुरुवातीलाच सांगून टाकतो, नारळाचा काही दोष नव्हता. कोणता नारळ आणि कसला दोष, ते पुढे येईलच. पण ही ओळ अगदी पहिली हवी असा एका माणसाचा आग्रह आहे आणि त्याचा शब्द मोडण्याची माझी प्राज्ञा नाही.

मी ओव्हाळ. जन्म दापोडीचा, रेल्वेलाइनच्या कडेच्या गल्लीतला. हल्ली मुक्काम संत तुकाराम नगर. वडील कारखान्यात फिटर होते, मी बॉयलरवर. बॉयलर अटेंडंटचं पहिल्या वर्गाचं सर्टिफिकेट आमच्या बैठकीच्या खोलीत अशा जागी लावलंय की चहा पिणाऱ्या पाहुण्याला ते वाचण्यावाचून गत्यंतर राहत नाही. तीस वर्षं मी पाणी उकळून वाफ केली आणि चिमणीतून धूर सोडला. शेवटची चार वर्षं त्याच चिमणीपाशी उभं राहून तोच धूर पकडला. आमची नलिनी पाहुण्यांना माझी ओळख करून देताना म्हणते, "आधी यांनी सोडला, मग हेच धरायला धावले." संसाराबद्दलही तिचं माझ्याविषयीचं मत साधारण असंच आहे.

आमची कंपनी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी. तिला धूर पकडायची हौस कुठून आली, असं लोक विचारतात. हौस कसली! परदेशातल्या गिऱ्हाइकाकडून एक दिवस लांबलचक फॉर्म आला. तुमच्या एका भागामागे किती कार्बन हवेत जातो, ते लिहा. आजवर कुणी भागाचं वजन विचारलं होतं, कुणी कडकपणा विचारला होता. भागामागचा धूर विचारणारे हे पहिलेच. तिकडच्या सरकारांनी नियम केला होता की बाहेरून येणाऱ्या मालाबरोबर त्याच्या धुराचाही हिशेब आला पाहिजे. इकडे आपल्या सरकारनेही कार्बनचा बाजार काढला. म्हणजे असं की, कारखान्याला धुराची मर्यादा ठरवून द्यायची. मर्यादेच्या आत राहिला त्याला प्रमाणपत्र, बाहेर गेला त्याने दुसऱ्याकडून प्रमाणपत्र विकत घ्यायचं. शिवाय धूर पकडायचं तंत्र आपल्याकडे रुजावं म्हणून नवीन प्लांटना सरकारी आधार. तो आधार नसता तर कुठल्या कंपनीने आपल्याच चिमणीमागे धावायला माणसं ठेवली असती, हे मला तरी दिसत नाही. चांगली सवय लागेपर्यंत कुणीतरी बोट धरावं लागतंच.

फक्त अट एक होती. प्लांट महिनाभर सलग चालवून दाखवायचा, किती वायू पकडला ते रोज लिहायचं आणि बाहेरच्या तपासणीसाने येऊन ते खरं आहे असं म्हणायचं. मग पुढचं सगळं.

आता हे पकडणं म्हणजे काय ते सांगतो. बऱ्याच जणांना वाटतं, चिमणीच्या तोंडाला पोतं बांधतात. तसं नाही. धूर आधी थंड करायचा आणि एका उंच टॉवरमध्ये खालून वर सोडायचा. वरून एक औषधी पाणी खाली झिरपत येतं. त्याला आम्ही नुसतं 'सोल्युशन' म्हणायचो. वास शिळ्या मासळीचा. ते धुरातला कार्बन डायऑक्साइड तेवढा नेमका उचलतं आणि बाकीची हवा वरून निघून जाते. मग हे भरलेलं सोल्युशन दुसऱ्या टॉवरमध्ये न्यायचं, वाफेने तापवायचं, की ते उचललेला वायू सोडून देतं आणि मोकळं होऊन परत पहिल्या टॉवरकडे. कंपनीच्या बससारखं. नाशिक फाट्याला माणसं भरायची, चाकणला रिकामी करायची, परत फिरायचं. फरक एवढाच की आमचं सोल्युशन मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकत नाही.

सुटलेला वायू कोरडा करून, दाबून सिलिंडरमध्ये भरायचा. त्यातला काही आग विझवायच्या सिलिंडरवाल्यांकडे जायचा, काही वेल्डिंगला, काही सोड्याला. नलिनीने विचारलं, "सोड्यात गेला की पुढे काय होतं त्याचं?" मी म्हटलं, "माणूस सोडा पितो." "मग?" "मग ढेकर देतो." ती म्हणाली, "म्हणजे चिमणीतून जाणारा तोंडातून गेला. छान." आणि वर, सोल्युशन तापवायला लागणारी वाफ त्याच बॉयलरची, म्हणजे धूर पकडायला पुन्हा थोडा धूर आलाच. मोठे साहेब सांगायचे की पुढे हा वायू जमिनीखाली खोल, काळ्या खडकात पुरायचा विचार आहे. तिथे त्याचाच दगड होऊन बसेल. त्यावर संशोधन चालू आहे म्हणतात. चालू असू दे.

ही खडकाची गोष्ट मी पहिल्यांदा सोपानला सांगितली तेव्हा तो जेवायचा थांबला. सोपान हा आमच्या प्लांटवरचा हेल्पर, कंत्राटी, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, चाकणपलीकडच्या गावचा. कंपनी उभी राहण्याआधी जिथे त्यांचं रान होतं तिथे आता आमचं कॅंटीन आहे. त्यामुळे कॅंटीनच्या भाजीला कुणी नावं ठेवली की हा म्हणायचा, "माज्या रानात बसून मलाच सांगू नगा." तर खडकाचं ऐकून तो म्हणाला, "मामा, वरची जमीन कंपनीनं घेतली. आता खालची बी लागती व्हय?"

मी म्हटलं, "खालच्या जमिनीचा सातबारा तुझ्या नावावर आहे का?"

"वरचा तरी कुटं ऱ्हायलाय," म्हणाला आणि भाकरी मोडली.

सोपानला शाळा कमी, पण पंपाच्या आवाजावरून पंपाची तब्येत सांगायचा. आमचे प्लांटचे साहेब देशमाने, वयाने तरुण, शिक्षणाने भारी, स्वभावाने वाईट नाहीत. त्यांनी सोपानला सांगून ठेवलं होतं, तपासणी पार पडली की तुला ऑपरेटर म्हणून कायम करू. चार वर्षं तो या एका वाक्यावर कामाला येत होता. त्याच्या बायकोने तर ऑपरेटरच्या निळ्या शर्टसाठी घरात वेगळी खुंटीसुद्धा ठोकली होती. शर्ट यायचा बाकी होता.

गिऱ्हाइकं आणि पाहुणे यांच्यावर एक वेगळा लेख होईल. चिखलीचा एक वर्कशॉपवाला आमचा वायू घ्यायला आला आणि सिलिंडरकडे संशयाने बघत म्हणाला, "भावा, धुरातला गॅस आहे ना हा? वेल्डिंग काळं नाही ना पडणार?" मी म्हटलं, "राव, गॅसला जात नसते, शुद्धता असते. ती कागदावर लिहिलीय, वाचून घ्या." त्याने कागद वाचला, मान डोलावली आणि तरीही पहिल्या सिलिंडरला अगरबत्ती ओवाळूनच तो टेम्पोत चढवला.

पाहुण्यांचं दुखणं वेगळं. प्लांट बघायला सारखी शिष्टमंडळं यायची. सगळं फिरून झालं की त्यातला एकजण हमखास विचारायचा, "ते पकडलेलं कार्बन कुठे आहे? दाखवा की." आता कार्बन डायऑक्साइडला रंग नाही, वास नाही, दाखवायचं काय? लोक हिरमुसून जायचे. शेवटी सोपानने जुन्या चिमणीतली काजळी खरवडून लोणच्याच्या बरणीत भरली आणि कंट्रोल रूमच्या टेबलावर ठेवली. मी त्याला दहा वेळा सांगितलं, "अरे, हे ते नाही." तो म्हणायचा, "आपन कुटं ते हाय म्हनतोय? नुसती बरनी ठेवली." बरणीबरोबर फोटो काढून शिष्टमंडळं तृप्त होऊन जायची. मी हसायचो. खरं सांगायचं नाही, पण खोटंही बोलायचं नाही, ही युक्ती मला तेव्हा गमतीची वाटत होती. पुढे तीच माझ्या अंगलट येणार होती.

आमच्या पट्ट्यात खंडेनवमी म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. वर्षभर ज्या मशीनला शिव्या घातल्या तिला त्या दिवशी आंघोळ, हळदकुंकू, झेंडूची माळ. पाळी अर्धीच, बायकापोरं कंपनी बघायला येतात, पेढे वाटतात. मी पूजेत नसतो. आमच्या घरात ते नाही. वडील सांगायचे, यंत्राला हात जोडण्यापेक्षा हाताने पुसावं. त्यामुळे वाटणीच पडली होती. पूजा सोपानची, धुणं माझं. आणि दरवर्षी मी त्याला चिडवायचो, "सोपान, तुझ्या नारळाने टॉवर एक इंच तरी वाढला का रे?" तो म्हणायचा, "तुमच्या धुन्यानं वाढला आसंल तर मापून सांगा."

त्या वर्षी महिन्याची चाचणी अर्ध्यावर आलेली. खंडेनवमी आणि दसऱ्याची सुट्टी वजा धरायची, असं तपासणीच्या कागदातच लिहिलं होतं. म्हणून आम्ही प्लांट रीतसर बंद केला. तपासणीस बाई दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी येणार. मी ठरवलं, टाकी अशी धुवायची की बाईंनी तिच्यात तोंड बघावं. कंपनीचा साबण म्हणजे दगड. मी घरून नलिनीची कपडे धुवायची पावडर नेली, लिंबाच्या वासाची, नवा मोठा पुडा. टाकीची बाहेरची बाजू, पायऱ्या, खालचा कट्टा सगळं घासलं आणि पाइप लावून फेस खालच्या नाळीत सोडून दिला. सोपानने त्याच कट्ट्यावर नारळ फोडला. पाणी त्याच नाळीत गेलं. पेढे खाल्ले, घरी आलो.

आता ती नाळी. सोल्युशन महाग असतं. म्हणून टाकीखाली जे सांडेल ते वाया न घालवता एका खड्ड्यात गोळा करतात आणि पंपाने परत टाकीतच पाठवतात. धुण्याच्या दिवशी आधी व्हॉल्व्ह फिरवायचा, म्हणजे ते पाणी टाकीकडे न जाता सांडपाण्याकडे वळतं. ही गोष्ट मी प्लांटवर आलेल्या प्रत्येक माणसाला शिकवली होती. त्या व्हॉल्व्हवर पाटी आहे, ती माझ्याच अक्षरात आहे.

तो व्हॉल्व्ह मी फिरवला नव्हता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्लांट सुरू केला. तासाभरात टॉवरमधला दाब चढायला लागला. सोल्युशन खाली उतरेना, धूर वर चढेना, दोघांच्या मधे काहीतरी बसलेलं. मी काट्याला टिचकी मारली, जुनी सवय. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. टॉवरच्या टोकातून पांढराशुभ्र फेस उसळून खाली पार्किंगमध्ये पडत होता. आणि पार्किंगमध्ये कोण उभं? देशमाने साहेबांची दसऱ्याला घेतलेली नवीकोरी गाडी, झेंडूच्या माळेसकट. पाच मिनिटांत गाडी दिसेनाशी झाली, नुसता झेंडू वर तरंगत होता. सुरक्षारक्षक माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, हे पॅकेजमध्येच होतं का?"

हसू आवरून आम्ही प्लांट बंद केला. फेस मारायचं औषध असतं, ते घातलं. थोडं घातलं तर फेस बसतो, जास्त घातलं तर उलटा वाढतो. आम्ही घाबरून जास्त घातलं. प्लांट पुन्हा लावला तर पकड निम्म्यावर आलेली. देशमाने कंट्रोल रूममध्ये येऊन ओरडले, "सोल्युशनमध्ये बाहेरचं काय गेलं? टाकीपाशी कोण काय करत होतं?"

कुणीतरी म्हणालं, "साहेब, सोपानने नारळ फोडला ना तिथे."

सगळ्यांनी सोपानकडे बघितलं. मीही.

देशमाने म्हणाले, "हे असलं प्लांटवर चालू देणं हीच चूक झाली. गेटपास जमा कर. तपासणी होईपर्यंत आत यायचं नाही, मग बघू." आणि रिपोर्ट लिहून टाकला. कारण, पूजेच्या वेळी बाहेरचा पदार्थ आत गेला. त्या कारणाचा त्यांना एक फायदाही होता. बाहेरच्या अपघाताचे दिवस चाचणीतून नुसते वगळतात. चालवणाऱ्याची चूक निघाली तर महिना पहिल्यापासून मोजतात.

दुपारी मी एकटाच सोल्युशनचा नमुना काढायला गेलो. त्याची एक साधी परीक्षा असते. बाटलीत घ्यायचं, गदागदा हलवायचं आणि फेस किती वेळ टिकतो ते बघायचं. मी हलवलं. फेस गच्च उभा राहिला, मोडेना. झाकण उघडून नाकापाशी नेलं तर त्या शिळ्या मासळीच्या वासात स्वच्छ, ओळखीचा लिंबाचा वास. आमच्या गॅलरीत वाळत घातलेल्या चादरींचा वास तो.

मी बाटली धुतली आणि कुणाला काही बोललो नाही.

का नाही बोललो? मला निवृत्तीनंतर वर्षभराची मुदतवाढ मिळायची होती, तिचा कागद देशमानेंच्या टेबलावर होता, हे एक कारण. पण खरं सांगू? ते लहान कारण. मोठं कारण असं की चार वर्षं मी त्या नारळाची चेष्टा केली होती. मी शास्त्राचा माणूस, मी धुणारा, पुसणारा, आणि घाण केली ती मीच. ते कबूल करायची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमधून उतरलो तर गेटसमोरच्या टपरीवर सोपान. घरी बसवेना म्हणून तो आलेला. मला चहा सांगितला. मग खाली बघत म्हणाला, "मामा, नारळाचं पानी येवढं वाईट असतंय व्हय?"

मी म्हटलं, "असेलही."

हा एक शब्द. बॉयलरवर मी पुष्कळ चुका केल्या, एकदा तर पाण्याची पातळी बघायला विसरलो होतो, पण इतकी वाईट चूक दुसरी नाही. सोपान मान हलवून म्हणाला, "आमी आडानी, आमाला काय म्हाईत. तुमी म्हनताय म्हंजे आसंल." मी चहा अर्धा टाकून आत गेलो.

फेसापासून दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी नलिनी कपडे भिजवायला बसली आणि ओरडली, "अहो, तो अख्खा पुडा कुठे गेला? परवाच आणलेला!"

मी तिला सगळं सांगितलं. टपरीवरचा शब्दही सांगितला. तिने कपडे तसेच बादलीत सोडले. मग म्हणाली, "त्याच्या बायकोने खुंटी ठोकलीय म्हणाला होतात ना?"

"हो."

"मग लिहा की चार ओळी. रोज लिहिताच ना त्या वहीत? खरं तेच लिहायचं असतं म्हणून मला वीस वेळा सांगितलंय."

ती वही म्हणजे प्लांटचं लॉगबुक. हिरवी, जाड, पानांवर छापील आकडे. पान फाडायचं नाही, पेन्सिल वापरायची नाही, खाडाखोड नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ मारून सही करायची, खालचं वाचता आलं पाहिजे. कॉम्प्युटरवरचे आकडे साहेब बघतात, पण तपासणीस आधी वही मागतात, कारण वहीत माणूस सापडतो.

त्या दिवशी कामावर गेल्याबरोबर मी वही उघडली आणि लिहिलं. खंडेनवमीस टाकी धुताना कपडे धुण्याची पावडर वापरली. खड्ड्याचा व्हॉल्व्ह सांडपाण्याकडे फिरवला नाही. पावडरचं पाणी टाकीत गेलं, त्यामुळे फेस. चूक माझी. नमुना तपासून समजलं त्याच दिवशी, लिहिलं आज. खाली सही.

देशमानेंना नेऊन दाखवलं. त्यांनी वाचलं, घाम पुसला आणि म्हणाले, "ओव्हाळ, रिपोर्ट वर गेलाय. आता हे का लिहिलंत? महिना परत मोजतील. तुमची मुदतवाढ..."

"साहेब, पान फाडता येत नाही," मी म्हटलं.

"ते मलाही माहीत आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज मग उतरला.

ठरल्या दिवशी तपासणीस आल्या. तांबोळी मॅडम, मूळच्या लातूरकडच्या, पायात सेफ्टी शूज, डोळ्यांतून काही न सुटणाऱ्या. कंट्रोल रूममध्ये शिरल्या शिरल्या लोणच्याच्या बरणीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे काय आहे ओ?" मी म्हटलं, "काजळी आहे मॅडम. पकडलेला कार्बन नव्हे." त्यांनी "बरं" म्हणून वही मागितली. एका हाताशी देशमानेंचा रिपोर्ट, दुसऱ्या हाताशी वही. दोन्ही वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"इथं नारळ म्हणताय, इथं पावडर म्हणताय. कशाचं खरं धरू?"

देशमाने काहीतरी बोलायला लागले. बाईंनी हात केला. "थांबा की. दोन बाटल्या आणा, न वापरलेलं सोल्युशन आणा. पावडर मिळंल?"

पावडर माझ्याकडे होती. नलिनीने तसलाच नवा पुडा आणून त्यातली थोडी डब्याच्या पिशवीत बांधून दिली होती, न सांगता.

"आणि नारळ?"

नारळ कुठून आणायचा? मी गेटवर फोन केला. दहा मिनिटांत सोपान आत आला, टपरीशेजारच्या पूजासाहित्याच्या दुकानातला नारळ घेऊन, व्हिजिटरचा पास गळ्यात अडकवून. चार वर्षं काम केलेल्या प्लांटवर तो पाहुणा म्हणून उभा होता. त्याला वाटलं, आता सगळ्यांसमोर त्याचीच झडती होणार. तोंड उतरलेलं.

एका बाटलीत नारळाचं पाणी घातलं, दुसरीत चिमूटभर पावडर. बाई म्हणाल्या, "हलवा." सोपानने नारळाची हलवली, मी पावडरची. टेबलावर ठेवल्या. सगळी कंट्रोल रूम दोन बाटल्यांकडे बघत उभी. नारळाच्या बाटलीत थोडा फेस आला, त्याने इकडेतिकडे बघितलं आणि तो बसला. माझ्या बाटलीतला गळ्यापर्यंत उभा राहिला तो राहिलाच.

"नारळ सुटला," तांबोळी मॅडम म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. सोपान हसला नाही. तो माझ्याकडे वळला.

"मामा, म्हंजे माज्यामुळं न्हाई झालं?"

"नाही रे. माझ्यामुळे झालं. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. टपरीवर तू विचारलंस तेव्हाही माहीत होतं."

त्याने गळ्यातला व्हिजिटरचा पास उगाच सरळ केला. मग म्हणाला, "तीन दिस झालं, मी देवापुढं नाक घासतोय. बायकोबी उपास धरून बसलीया."

हे तो रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. साधेपणाने बोलला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला त्या खोलीत फेसाच्या बाटलीशिवाय दुसरं काही नव्हतं.

तांबोळी मॅडमनी निकाल सरळ दिला. जेवढं पकडलं तेवढं धरलं, फेसाचे दिवस बाद, आणि चूक चालवणाऱ्याची, म्हणून महिना पहिल्यापासून. मात्र जाताना देशमानेंना म्हणाल्या, "वही अशीच ठेवा. हिच्यामुळंच बाकीच्या पानांवर विश्वास बसला." सोल्युशन गाळून स्वच्छ करायला आठवडा गेला. महिना पुन्हा सुरू झाला आणि त्याच्या मधोमध माझी निवृत्ती आली. मुदतवाढीचा कागद पुन्हा कुणी काढला नाही, मीही विचारला नाही. शाल, श्रीफळ दिलं. श्रीफळ हातात घेताना सगळा प्लांट खोकत होता.

चाचणी पार पडली तेव्हा मी संत तुकाराम नगरच्या बागेत बाकावर बसलेलो. फोन सोपानचाच आला. निळा शर्ट मिळाला, खुंटीवर लागला. मी म्हटलं, "आता तू ऑपरेटर. चुकलास तर रेघ मार, सही कर." तो म्हणाला, "व्हय. तुमच्यागत तीन दिस थांबनार न्हाई." ऐकून घेतलं. त्याचा अधिकारच होता.

तेव्हापासून दर खंडेनवमीला सकाळी त्याचा फोन येतो. "मामा, टाकी कशानं धुऊ?" मी म्हणतो, "नुसत्या पाण्याने." "आन् नारळ?" "फोड. पण आधी व्हॉल्व्ह." मग तो वहीच्या पानाचा फोटो पाठवतो. यंदाचा माझ्यासमोर आहे. अक्षर वाकडंतिकडं, पण खाडाखोड नाही. व्हॉल्व फिरवला. टाकी पान्याने धुतली. नारळ फोडला. खाली सही.

या दिवाळी अंकासाठी लिहितोय असं मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "लिवा की मामा. पर माज्या नारळाचं पयलं लिवा. तवा उशीर केला हुता, आता नगा करू."

म्हणून ती ओळ पहिली आहे.